सामाईक विहीर, नोंदलेले हिस्से
कीड सर्वेक्षणाच्या संगणकीय प्रणालीतील मालकी, वापर आणि फेरफार

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात रात्रीतून अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजणे हे काही मिनिटांचे काम. कीड सर्वेक्षक आकडा नोंदवतो आणि पुढच्या शेताकडे वळतो. आकड्याचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. तालुक्याचे कृषी कार्यालय तो पाहते, कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ त्यावरून सल्ला ठरवतात, राज्याचे कृषी आयुक्तालय त्याचा नकाशा करते आणि दिल्लीतील संशोधन संस्था तो अनेक वर्षांच्या मालिकेत बसवते. शेत शेतकऱ्याचे, मोजणी सर्वेक्षकाची, योजना राज्याची, सल्ला विद्यापीठाचा आणि संगणक प्रणाली दिल्लीची. मग तो आकडा कोणाचा?

हा प्रश्न वरवर पाहता संगणक अभियंत्यांचा वाटतो. परंतु आकडा कोणी भरावा, कोणी पाहावा, कोणी दुरुस्त करावा आणि कोणाला द्यावा, हे ठरलेले नसेल तर त्याचा परिणाम थेट फवारणीच्या निर्णयावर होतो. गरज नसताना झालेली फवारणी केवळ खर्च वाढवत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, हे कीटकशास्त्राच्या क्षेत्रात कोणी विसरलेले नाही. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी आणि अनेक होती. पण फवारणीच्या प्रत्येक सल्ल्यामागचा आकडा विश्वासार्ह असणे किती आवश्यक आहे, याची जाणीव तिने करून दिली.

दिल्ली आणि महाराष्ट्र : एका प्रणालीची जडणघडण

२००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. प्रादुर्भाव लक्षात येईपर्यंत नुकसान होऊन गेले होते. या अनुभवातून २००९-१० पासून महाराष्ट्रात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच सर्वपरिचित ‘क्रॉपसॅप’, राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या साहाय्याने सुरू झाला. राज्याचा कृषी विभाग, राज्यातील कृषी विद्यापीठे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पिकनिहाय संस्था त्यात सहभागी झाल्या. नोंदी भरणे, त्यांचे एकत्रित अहवाल पाहणे आणि सल्ला प्रसृत करणे यासाठीची संगणक प्रणाली नवी दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने विकसित केली.

पुढचा टप्पा देशपातळीवरचा होता. १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू झाली. ६१ पिके आणि ४०० हून अधिक किडी तिच्या कक्षेत घेण्यात आल्या. फरिदाबाद येथे मुख्यालय असलेले वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय आणि दिल्लीतील एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र हे तिचे आधारस्तंभ आहेत. म्हणजे राजधानी परिसरातील दोन कार्यालयांच्या प्रणालीवर आता अनेक राज्यांचे विस्तार कर्मचारी, शास्त्रज्ञ आणि स्वतः शेतकरी एकाच वेळी काम करतात.

अशी एकच प्रणाली अनेक संस्थांनी, प्रत्येकीने ती जणू आपलीच आहे अशा रीतीने वापरणे, याला संगणकशास्त्रात मल्टि-टेनंट रचना म्हणतात. टेनंट म्हणजे कूळ किंवा भाडेकरू. तथापि कीड सर्वेक्षणातील संस्था भाडे देणाऱ्या परक्या संस्था नसतात. त्या एकाच विहिरीवरील हिस्सेदार असतात. म्हणून या लेखात ‘हिस्सेदार’ हाच शब्द वापरला आहे.

सात, बारा आणि सहा

सामाईक साधनांचा हिशेब ठेवण्याची रीत मराठी शेतकऱ्याला नवी नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कोणाच्या नावे आहे हे तो सांगतो. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्या जमिनीत प्रत्यक्ष काय पिकते आहे हे ती सांगते. दोन्ही एका कागदावर छापले जातात म्हणून आपण ‘सातबारा’ असा एकच शब्द उच्चारतो, पण मालकी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दोन नमुन्यांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. सातच्या नमुन्यात ‘इतर हक्क’ असा एक रकानाही असतो. बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, जाण्यायेण्याची वाट असे जे हक्क मालकी नव्हेत पण डावलताही येत नाहीत, ते तेथे लिहिले जातात. यात बदल झाला की तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत जातो. नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. जुनी नोंद नाहीशी होत नाही. नव्या नोंदीला फेरफार क्रमांक मिळतो.

सामाईक संगणक प्रणालीलाही नेमके हेच लागते. प्रत्येक नोंद कोणाच्या नावे आहे हा तिचा सात. तिचा उपयोग कोण, कशासाठी करू शकतो हा तिचा बारा आणि ‘इतर हक्क’. ती कोणी, केव्हा, का बदलली हा तिचा सहा. अनेक प्रणालींमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते. ज्याला प्रवेश मिळाला तो मालक समजला जातो आणि जो मालक तो हवे ते बदलू शकतो असे गृहीत धरले जाते. बहुतेक तंटे आणि बऱ्याच चुका या गृहीतकातून जन्मतात.

बांध कोठे घालावा?

हिस्सेदारांच्या नोंदी एकमेकींपासून वेगळ्या राखण्याच्या तीन प्रचलित रीती आहेत. पहिलीत प्रत्येक हिस्सेदाराला स्वतंत्र डेटाबेस दिला जातो. हा भक्कम बांध खरा, पण खर्च आणि देखभाल हिस्सेदारांच्या संख्येने वाढत जाते आणि सर्व राज्यांचा एकत्रित नकाशा काढणे जिकिरीचे होते. दुसरीत डेटाबेस एकच, पण प्रत्येकाचे तक्ते निराळे. तिसरीत तक्तेही सामाईक असतात आणि प्रत्येक ओळीत ‘ही कोणाची’ हे सांगणारा एक रकाना असतो. किडीचा प्रसार अनेक जिल्ह्यांत एकत्र पाहायचा असल्याने सर्वेक्षणाच्या कामाला तिसरी रीत सोयीची वाटते. तिच्यातला बांध मात्र मातीचा असतो; तो सतत राखावा लागतो.

ही राखण केवळ पडद्यावरची बटणे लपवून होत नाही. एखाद्या अहवालाच्या पत्त्यात शेवटी नोंदीचा क्रमांक दिसत असेल आणि तो बदलून दुसऱ्या जिल्ह्याची नोंद उघडत असेल, तर बांध नाहीच असे समजावे. वेब प्रणालींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ च्या आपल्या यादीत प्रवेश नियंत्रणातील त्रुटींना सर्व धोक्यांत पहिले स्थान दिले, ते अशाच साध्या चुका सर्वत्र आढळल्यामुळे.

यावर उपाय म्हणजे नियम डेटाबेसच्या पातळीवरच बसवणे. पोस्टग्रेस-एसक्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ओळीनिहाय सुरक्षेची सोय आहे. नियम एकदा लिहिला की विचारणा कोणत्याही पडद्यावरून येवो, डेटाबेस फक्त त्या हिस्सेदाराच्या ओळी देतो. तथापि यात एक खोच आहे. तक्ता ज्या खात्याच्या मालकीचा असतो त्या खात्याला हा नियम एरवी लागू होत नाही. प्रणालीचे रोजचे काम त्याच खात्यातून चालत असेल, तर कागदावर नियम आहे आणि प्रत्यक्षात सर्वांना सर्व दिसते, अशी स्थिती उद्भवते. म्हणून तक्त्याचे मालक खाते आणि रोजचे कामकाजी खाते वेगळे ठेवावे, किंवा मालकालाही नियम बंधनकारक करणारा पर्याय चालू करावा.

आणखी एक ठिकाण दुर्लक्षित राहते. डेटाबेसशी असलेली जोडणी प्रत्येक वेळी नव्याने उघडली जात नाही. एकाचे काम संपले की तीच जोडणी दुसऱ्यासाठी वापरली जाते. आधीच्या हिस्सेदाराची ओळख तिच्यावरून पुसली गेली नाही, तर एका जिल्ह्याला दुसऱ्याच्या नोंदी दिसू शकतात. वेगासाठी तात्पुरत्या साठवलेल्या अहवालांचेही तसेच आहे. पुरवठादाराने ‘प्रणाली सुरक्षित आहे’ असे सांगितले तरी संस्थेने दोन वेगळ्या जिल्ह्यांची खाती शेजारी-शेजारी उघडून हे स्वतः तपासून पाहावे.

जे सर्वांचे, ते बदलणार कोण?

प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या राखणे हा अर्धाच भाग. काही गोष्टी खरोखरच सर्वांच्या असतात. पिकांची यादी, किडींची प्रमाण नावे, तालुक्यांचे संकेतांक आणि आर्थिक नुकसान पातळीचे आकडे ही अशी सामाईक साधने आहेत. अडचणीही येथेच अधिक असतात.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. सलग तीन दिवस प्रति सापळा प्रति दिन ८ पतंग ही तिच्यासाठी शिफारस केलेली पातळी आहे. प्रणाली आलेल्या नोंदी या आकड्याशी ताडून इशारा देते. समजा, एखाद्या कार्यालयात हा तक्ता दुरुस्त करण्याचा अधिकार सरसकट दिला गेला आहे आणि टंकताना ८ च्या जागी १८ पडले. कोठेही बिघाड दिसणार नाही. नोंदी येत राहतील, अहवाल निघत राहतील. इशारे तेवढे थांबतील. एका हिस्सेदाराची चूक त्याच्या शेतापुरती न राहता सर्वांच्या शेतांपर्यंत जाईल. उलट दिशेने, ८ ऐवजी ३ पडले तर अनावश्यक फवारणीचे सल्ले राज्यभर जातील.

म्हणून सामाईक तक्त्यांचा पालक एकच असावा आणि तो नावानिशी ठरलेला असावा. संबंधित पिकाच्या शास्त्रज्ञांचा गट बदल सुचवील, दुसरा अधिकृत शास्त्रज्ञ तो तपासून मान्य करील आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू हे नोंदले जाईल. एखाद्या विद्यापीठाला आपल्या विभागातील परिस्थितीनुसार वेगळी पातळी हवी असेल, तर तिने मूळ आकडा न बदलता आपल्या हिश्शापुरता स्वतंत्र आकडा ठेवावा आणि अहवालात तो वेगळा दिसावा. जुन्या हंगामाचा अभ्यास करताना त्या वेळी लागू असलेला आकडाच वापरला गेला पाहिजे, अन्यथा दहा वर्षांची मालिका एका दुरुस्तीत निरर्थक ठरते.

मूळ नोंदीची दुरुस्ती हाही असाच विषय आहे. सर्वेक्षकाने ८ ऐवजी ८० भरले हे विद्यापीठातील शास्त्रज्ञाच्या लगेच लक्षात येईल. पण त्याने ते स्वतः बदलणे योग्य नव्हे. शेत त्याने पाहिलेले नाही. त्याने शंका नोंदवावी, ज्या कार्यालयाची नोंद आहे त्याने शहानिशा करावी आणि दुरुस्ती झाल्यावरही पूर्वीचा आकडा इतिहासात राहावा. कदाचित ८० हाच आकडा खरा असेल आणि तोच येऊ घातलेल्या प्रादुर्भावाची पहिली खूण असेल.

कीड सीमा पाळत नाही

बांध उंच करत नेले की दुसरा धोका समोर येतो. मक्यावरील लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे देशात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. पतंगांना राज्याची हद्द कळत नाही. शेजारच्या राज्यातील सापळ्यांचे आकडे वेळेत दिसले तरच अलीकडच्या शेतकऱ्याला पूर्वसूचना देता येते. तेव्हा सर्व काही कुलूपबंद ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. ते सर्वेक्षणाच्या मूळ हेतूलाच बाधक आहे.

यातून मार्ग निघतो तो ‘काय’ आणि ‘किती बारकाईने’ हे प्रश्न वेगळे केल्यावर. शेजारच्या राज्याला तालुकानिहाय सरासरी पतंगसंख्या पुरते. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक लागत नाही. अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंत दिले तर जागा साधारण एक किलोमीटरच्या फरकाने कळते. प्रसाराचा नकाशा काढायला ते पुरेसे आहे आणि विशिष्ट शेत मात्र ओळखू येत नाही. अर्थात गावात एखादे पीक घेणारा एकच शेतकरी असेल, तर नाव काढूनही तो ओळखता येतो. अशा वेळी गावाऐवजी मंडळाची पातळी वापरावी.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कोणाच्या शेतात कोणती कीड किती प्रमाणात आहे ही माहिती कीटकनाशक विक्रेत्याला, विमा कंपनीला आणि शेतमालाच्या व्यापाऱ्यालाही हवी असू शकते. सल्ला मिळावा म्हणून शेतकऱ्याने सर्वेक्षकाला शेतात येऊ दिले. त्याची माहिती त्याच्याच विरोधात वापरली जाण्याला त्याने संमती दिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती ज्या हेतूसाठी घेतली त्या हेतूपुरतीच वापरण्याचे तत्त्व कायद्यात आणले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या डिजिटल कृषी अभियानातून शेतकरी नोंदणी, भूखंडांचे नकाशे आणि पेरणीच्या नोंदी एकमेकांशी जोडल्या जात आहेत. ही जोडणी वाढेल तसे ‘इतर हक्कां’चा रकाना काटेकोरपणे भरण्याचे महत्त्व वाढत जाईल.

बदली, निवृत्ती आणि सामाईक परवलीचा शब्द

कार्यालयांत प्रवेशाचा प्रश्न बहुधा तंत्रापेक्षा सवयीचा असतो. एकाच नावाचे खाते पाच जण वापरतात आणि परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली ठेवलेला असतो. मग नोंद कोणी बदलली याचे उत्तर प्रणाली प्रामाणिकपणे देते, पण ते निरुपयोगी ठरते.

दुसरी सवय नोंदींची मालकी व्यक्तीला चिकटवण्याची. सर्वेक्षणाचा आराखडा, जतन केलेले नकाशे, अहवालांची मांडणी ज्याने तयार केली त्याच्या खात्यात राहते. त्याची बदली झाली आणि खाते बंद केले तर हंगामाच्या मध्यावर अहवाल उघडत नाहीत. खाते चालूच ठेवले तर बदलून गेलेल्या व्यक्तीचा प्रवेश कायम राहतो. कागदी कार्यालयात यासाठी कार्यभार हस्तांतरणाची रीत आहे. तीच येथे आणावी. मालकी पदाची किंवा कार्यालयाची असावी, व्यक्तीला त्या पदावर असेपर्यंत प्रवेश असावा आणि हस्तांतरणाच्या यादीत प्रणालीतील खात्यांचा उल्लेख अनिवार्य असावा. पाहुण्या संशोधकाला किंवा विद्यार्थ्याला दिलेल्या प्रवेशाला समाप्तीची तारीख आधीच घातलेली असावी.

कीटकशास्त्रज्ञांना ही शिस्त परिचयाची आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील राष्ट्रीय पुसा संग्रहासारख्या कीटक संग्रहालयांत नमुना अभ्यासासाठी उसना जातो, तेव्हा टाचणीवरची चिठ्ठी त्याच्यासोबत जाते आणि उसनवारीची नोंद मागे राहते. नमुना कोणाच्याही सूक्ष्मदर्शकाखाली असो, तो कोणत्या संग्रहाचा याविषयी शंका उरत नाही. संगणकीय नोंदीलाही अशी चिठ्ठी हवी.

पाळी

सामाईक साधनांमध्ये माहितीइतकीच संगणकाची क्षमताही येते. एका संस्थेने दहा वर्षांच्या नोंदींचा भला मोठा अहवाल नेमका सल्ला काढण्याच्या दिवशी मागवला, तर त्या काळात इतर जिल्ह्यांच्या नोंदी भरणे संथ होते. धुळे-नंदुरबार भागातील जुन्या फड सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटकरी वाटत असे. कालव्याजवळ शेत आहे म्हणून कोणाला हवे तितके पाणी घेता येत नसे. संगणक प्रणालीतही प्रत्येक हिस्सेदाराच्या विचारणांना मर्यादा, जड अहवालांसाठी रात्रीची वेळ आणि हंगामात नोंद भरण्याच्या कामाला अग्रक्रम, अशी पाळी बांधून द्यावी लागते.

हंगामापूर्वी करावयाची तपासणी

सामाईक प्रणालीत सहभागी होणाऱ्या प्रत्येक संस्थेने खरिपापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत.

१. आपल्या नोंदी कोणाच्या मालकीच्या आहेत आणि करार संपल्यास त्या कोणत्या स्वरूपात परत मिळतील?
२. दुसऱ्या हिस्सेदाराला आपल्या नोंदींपैकी काय, किती बारकाईने आणि किती काळ दिसते?
३. आर्थिक नुकसान पातळीसारखे सामाईक आकडे बदलण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याला दुसऱ्याची मान्यता लागते काय?
४. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो काय, आणि तो कोण पाहू शकतो?
५. बदली झालेल्या व निवृत्त कर्मचाऱ्यांची खाती गेल्या वर्षभरात कोणी तपासली?
६. शेतकऱ्याला स्वतःच्या शेताच्या नोंदी पाहण्याची आणि चूक कळवण्याची सोय आहे काय?

यांपैकी शेवटचा प्रश्न बहुधा राहून जातो. ज्याच्या बांधावर उभे राहून पतंग मोजले, त्याचाही या विहिरीत हिस्सा आहे. त्याच्या नावापुढील ‘इतर हक्कां’चा रकाना कोरा असेल, तर तो भरून मगच पुढच्या हंगामाचे सर्वेक्षण सुरू करावे.